भाड्याच्या घरात बुरशी: दुरुस्ती कोणी करायची, पैसे कोणी द्यायचे

कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं आणि मागची भिंत कमरेच्या उंचीपर्यंत काळ्या ठिपक्यांनी भरलेली दिसली. कपाटातल्या चामडी पट्ट्यावर हिरवट-पांढरी लव आली होती. तोवर आम्ही नुसतं "घरात कुबट वास येतोय" एवढंच म्हणत होतो. घरमालकांना फोन केला. त्यांचं पहिलं वाक्य, "तुम्ही खिडक्या उघडत नाही वाटतं." माझं पहिलं वाक्य, "भिंत तुमची आहे." पुढचे दोन महिने आम्ही दोघंही या दोन वाक्यांवर ठाम राहिलो आणि तेवढ्यात बुरशी पलंगामागे पोचली.

काही वर्षांनी माझं स्वतःचं घर भाड्याने दिलं, तेव्हा अगदी तसाच फोन मला आला. सांगायला लाज वाटते, पण माझ्याही तोंडून आधी खिडक्यांचीच चौकशी निघाली. हे भांडण दोन्ही बाजूंनी करून झाल्यावर एक गोष्ट पक्की कळली. बुरशी कोणाच्या माथी मारायची हे बुरशीकडे बघून ठरत नाही. पाणी कुठून आलं हे कळलं की जबाबदारीचा निम्म्याहून जास्त वाद मिटतो. म्हणून इथे क्रम तसाच ठेवला आहे: आधी पाणी, मग पुरावा, मग लेखी कळवणं. पैशांचं बोलणं शेवटी.

पाण्याचा माग काढा

बुरशीचे बीजाणू प्रत्येक घराच्या हवेत असतात, झाडून-पुसून ते संपत नाहीत. त्यांना लागणारं खाद्य रंगात, धुळीत, लाकडात, कागदात, चामड्यात, कुठेही मिळतं. आपल्या हातात असतो तो फक्त ओलावा. भिजलेली जागा २४ ते ४८ तासांत पूर्ण सुकली तर सहसा बुरशी धरत नाही. त्यापुढे ती ओली राहिली की मग मात्र घड्याळ आपल्या विरुद्ध चालतं.

घरात हा ओलावा तीन वाटांनी येतो, आणि तिन्हींची खूण वेगळी असते.

गळतीचा डाग एका जागी असतो, त्याच्या कडेला पिवळसर-तपकिरी रेघ असते, रंगाचे पोपडे सुटतात. पाऊस झाल्यावर किंवा वरच्या मजल्यावर आंघोळी आटोपल्यावर तो गडद होतो. छताचा कोपरा, बाथरूमला लागून असलेली भिंत, खिडकीची खालची चौकट, टाकीखालची जागा ही त्याची नेहमीची ठिकाणं.

जमिनीतून चढणारी ओल तळमजल्यावर दिसते. ती खालून वर येते आणि साधारण मीटरभर उंचीवर आडवी रेघ धरून थांबते. त्या पट्ट्यात पांढरे क्षार फुटतात, हात लावला की पिठासारखे गळतात. गंमत अशी की अशा भिंतीवर काळी बुरशी बऱ्याचदा कमीच असते, कारण ते क्षार तिला रुजू देत नाहीत. पोपडे आणि पांढरी पावडर आहे पण ठिपके नाहीत, तर संशय जमिनीवर घ्या.

तिसरी वाट हवेतल्या वाफेची. भांडण होतं ते हिच्यावरूनच. इथे काळे ठिपके विखुरलेले असतात: बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटामागे, पलंगाच्या डोक्याकडे, पडद्याआड, खिडकीच्या काचेभोवती. डागाला कड नसते. भिंत हाताला ओली लागतेच असं नाही, त्यामुळे लोक म्हणतात, "पाणी तर कुठेच नाही." आहे, पण हवेत.

याचा हिशोब एकदा समजून घ्या, पुढच्या वादात कामी येतो. खोलीचं तापमान २५ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ६० टक्के आहे असं धरा. अशा हवेत दर घनमीटरला जवळपास १४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. आता बाहेरची भिंत किंवा कपाटामागचा कोपरा २० अंशांवर आहे. २० अंशांची हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास वाफ धरू शकते. म्हणजे खोलीत हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र, ६० दाखवत असताना त्या कोपऱ्यात भिंतीलगत आर्द्रता ८० टक्के झालेली असते. आणि भिंतीलगत ८० टक्के टिकून राहिली की बुरशीला तेवढं पुरतं, थेंब दिसायची गरज नसते. भिंत थंड का आहे हा घराच्या बांधणीचा प्रश्न, आणि हवेत १४ ग्रॅम वाफ का आहे हा राहण्याच्या सवयीचा. आमच्या भांडणात दोघंही अर्धे बरोबर कसे होतो ते हा हिशोब मांडल्यावरच मला कळलं.

एअर कंडिशनरचा एक प्रकार वेगळाच आहे. एका खोलीत एसी १८ अंशांवर चालतो आणि बुरशी येते पलीकडच्या, एसी नसलेल्या खोलीत, त्याच मधल्या भिंतीवर. भिंत एका बाजूने गार होते आणि दुसऱ्या बाजूची दमट हवा तिच्यावर ओल सोडते. तिथे प्लंबर बोलावून काही सापडत नाही. तापमान २५-२६ वर आणलं की बहुतेक वेळा काम होतं.

घरच्या घरी करायच्या तपासण्या

सगळ्यात उपयोगी तपासणी अ‍ॅल्युमिनियम फॉइलची. डागाजवळची भिंत हेअर ड्रायरने वरवर सुकवा. साधारण फूटभर चौरस फॉइल लावा आणि चारही कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद करा, हवा आत जाता कामा नये. एक-दोन दिवसांनी बघा. खोलीकडच्या बाजूला दव आलं असेल तर ओल हवेतली. फॉइल काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं तर ओल भिंतीतूनच येते आहे. कधी दोन्ही बाजूंना असते, तेव्हा दोन्ही कारणं आहेत असं समजा. फॉइल लावताना आणि काढताना दोन्ही वेळा फोटो काढा. कोणत्याही लेखी म्हणण्याला याची सर येत नाही.

पाण्याचा मीटर असेल तर घरातले सगळे नळ, वॉशिंग मशीन आणि फ्लशच्या टाकीचा कॉक बंद करून आकडा लिहून ठेवा. दोन तासांनी पुन्हा बघा. आकडा पुढे गेला असेल तर मीटर आणि त्या नळांच्या मध्ये कुठेतरी पाइप गळतो आहे. गेला नाही तरी बाथरूमची जमीन निर्दोष ठरत नाही, कारण सांडपाणी मीटरमधून जात नाही. त्यासाठी बाथरूमच्या जाळीचं तोंड कापडाच्या बोळ्याने बंद करायचं, जमिनीवर इंच-दोन इंच रंगीत पाणी काही तास साठवायचं आणि खालच्या किंवा शेजारच्या भिंतीवर रंग उतरतो का बघायचं. हे खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना विचारूनच करा. नाहीतर एक वाद मिटवताना दुसरा उभा राहील.

साधा डिजिटल हायग्रोमीटर घ्या आणि आठ-दहा दिवस सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत लिहा. खोलीची आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असावी, ३० ते ५० असेल तर उत्तमच. घर सतत ७५-८० वर असेल तर वाफ बाहेर जात नाही हे आकड्यातच दिसतं. कंत्राटदार सुया टोचून भिंतीतली ओल मोजणारं यंत्र आणतात, त्याच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ते वीजप्रवाहावर चालतं, आणि क्षार असलेली सुकी भिंतही त्याला ओलीच वाटते.

बुरशीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा का? माझं मत, नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत हवेतल्या बुरशीची "एवढ्यापर्यंत चालेल" अशी मर्यादाच दिलेली नाही. ओल होऊच देऊ नका, झाली तर हटवा, असं ती सांगतात. काळा रंग म्हणजे विषारी जात, हेही खरं नाही. रंगावरून जात ओळखता येत नाही आणि जात कळली म्हणून करायचं काम बदलत नाही. तोच पैसा प्लंबरला द्या.

कोणाच्या वाट्याला काय येतं

बहुतेक ठिकाणचे कायदे आणि करार फिरून फिरून एकाच मुद्द्यावर येतात: घराचा सांगाडा मालकाचा, घराचा वापर भाडेकरूचा.

छत, गच्ची, बाहेरच्या भिंती आणि त्यांच्या भेगा, भिंतीत गाडलेले पाइप, बाथरूमखालचं वॉटरप्रूफिंग, खिडक्यांच्या चौकटी, पावसाळी पाण्याचे नळ या सगळ्यांतून आलेलं पाणी मालकाच्या खाती. जमिनीतून चढणारी ओलही त्याचीच. नव्या बांधकामाचं प्लास्टर आणि काँक्रीट महिनोन् महिने पाणी सोडत असतं, त्याचा त्रासही भाडेकरूने सोसायचा नसतो. बाथरूमला खिडकी नाही आणि एक्झॉस्ट फॅनही नाही, तर ती उणीव घराची आहे.

भाडेकरूकडे येतं ते असं: रोजची हवा खेळती ठेवणं, आंघोळीनंतर आणि स्वयंपाक करताना पंखा लावणं, काचेवरचं पाणी पुसणं, झडपा आणि जाळ्या बंद न करणं, स्वतःच्या वॉशिंग मशीनची नळी किंवा स्वतःच्या एसीचा निचरा सांभाळणं. आणि या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचं, दिसल्या दिसल्या कळवणं. वीतभर डाग सहा महिने लपवून ठेवला आणि मग अख्खं छत खाली आलं, तर मूळ गळती मालकाची असली तरी वाढलेल्या नुकसानाचा काही भाग तुमच्या अंगावर येऊ शकतो.

वरच्या फ्लॅटमधून पाणी येत असेल तर भाडेकरू नाहक मधल्या मध्ये अडकतो. वरच्या कुटुंबाशी तुमचा कसलाच करार नाही. बोलून सुटलं तर उत्तम, पण त्यांच्यामागे लागणं, सोसायटीला किंवा इमारतीच्या व्यवस्थापनाला पत्र देणं हे काम मालकाचं. "वरच्यांशी तुम्हीच बोलून घ्या" हे उत्तर स्वीकारू नका.

राहता राहिली हवेतली वाफ. इथे माझी कसोटी साधी आहे. एखादं साधारण कुटुंब या घरात रोज स्वयंपाक करेल, आंघोळी करेल, कपडे वाळवेल, दारं-खिडक्या बंद करून झोपेल. एवढं सगळं करून हे घर कोरडं राहू शकतं का? राहत असेल आणि तरी बुरशी आली, तर सवयी बघा. राहत नसेल तर दोष घराचा. माणसं श्वास घेतात हा काही भाडेकराराचा भंग नाही. पण एका खोलीच्या घरात रोज दोन बादल्या कपडे बंद खिडक्यांत वाळत असतील आणि एक्झॉस्टचं बटण आवाज होतो म्हणून कधीच दाबलं जात नसेल, तर मालकाचंही काही चुकत नाही.

कायदा काय म्हणतो

इंग्लंडचा प्रवास बघण्यासारखा आहे. तिथल्या १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याचं कलम ११ मालकावर सांगाडा आणि बाहेरची बाजू दुरुस्त ठेवण्याचं बंधन घालतं. पण त्याच वर्षी तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की नुसत्या वाफेमुळे आलेली ओल, भिंतीचं प्रत्यक्ष नुकसान झालेलं नसेल तर, दुरुस्तीच्या व्याख्येत बसत नाही. अनेक वर्षं भाडेकरू या निकालावर आपटत राहिले. २०१८ च्या कायद्याने "घर राहण्यायोग्य आहे का" ही कसोटी आणली आणि ओल त्यात स्पष्टपणे मोजली जाऊ लागली.

मग इंग्लंडमधल्याच रॉचडेल गावचं प्रकरण झालं. डिसेंबर २०२० मध्ये तिथे एका दोन वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे झालेल्या श्वसनविकाराने तो गेला, असं २०२२ मध्ये मृत्यूच्या चौकशीत नोंदवलं गेलं. वडील तक्रार करत होते आणि उत्तरं मिळत होती कुटुंबाच्या राहणीमानाबद्दल. त्या मुलाच्या नावाने झालेला कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून सार्वजनिक भाडेघरांना लागू झाला: गंभीर ओल-बुरशीच्या तक्रारीची तपासणी १० कामकाजाच्या दिवसांत, धोका आढळला तर पुढच्या ५ कामकाजाच्या दिवसांत घर सुरक्षित करायचं, तातडीचा धोका असेल तर २४ तासांत. "आधी तुमच्या सवयी सुधारा" म्हणून तक्रार टोलवण्याची सोय तिथे जवळजवळ संपली आहे.

सगळीकडे वारं याच दिशेने वाहतंय असं मात्र नाही. जर्मनीत ५ डिसेंबर २०१८ रोजी तिथल्या संघीय न्यायालयाने उलट कौल दिला. घर ज्या काळात बांधलं त्या काळाच्या मानकांप्रमाणे असेल, तर थंड कोपऱ्यांमुळे बुरशीची नुसती शक्यता असणं हा दोष ठरत नाही. न्यूयॉर्क शहरात २०१८ च्या एका स्थानिक कायद्यानुसार तीन किंवा अधिक घरांच्या इमारतीच्या मालकाला दरवर्षी बुरशीची तपासणी स्वतःहून करावी लागते.

भारतात २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टात कामांची वाटणी आहे. सांगाड्याची दुरुस्ती, भिंतींचा रंग आणि पाइप बदलणं मालकाकडे. नळ आणि त्यांचे वॉशर, मोऱ्या-गटार साफ करणं, बेसिन यांसारखी कामं भाडेकरूकडे. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १४ मालकाला घर राहण्याजोगं ठेवायला सांगतं. १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुर्लक्ष केलं तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंत. यातली मेख अशी की हे "करारात उलट काही ठरलं नसेल तर" आहे, आणि लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो. त्याच्यासाठी करारातली ओळ हीच खरी ढाल.

लेखी कसं कळवायचं

फोनवर बोला, जरूर बोला, पण त्याच दिवशी लेखीही पाठवा. रागाचा मजकूर नको. तारीख, जागा, आकार, तुम्ही काय तपासलं, काय हवं आहे आणि कधी घरी असता, एवढं पुरे. फोटोत डागाशेजारी मोजपट्टी धरा, म्हणजे पुढच्या आठवड्यात तो किती वाढला ते कळतं. असं काहीतरी:

"नमस्कार काका. बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीवर, छतापासून दोन फूट खाली, ओलीचा डाग आणि काळी बुरशी आली आहे. ३ तारखेला पहिल्यांदा दिसली तेव्हा डाग वीतभर होता, आज हातभर आहे. सोबत तीन फोटो आहेत. नळ बंद ठेवून मीटर पाहिला, फिरत नाही. फॉइल लावली होती, भिंतीकडच्या बाजूला पाणी आलं. वरच्या मजल्यावरचं बाथरूम बरोबर इथेच येतं. या आठवड्यात कोणाला तरी दाखवून घ्याल का? शनिवारी-रविवारी दिवसभर आणि इतर दिवशी संध्याकाळी सातनंतर आम्ही घरी असतो. तोवर कपाट पुढे ओढून ठेवलं आहे आणि रोज पंखा लावतो आहोत."

शेवटचं वाक्य वगळू नका. नुकसान वाढू नये म्हणून तुम्ही तुमच्या बाजूने काय करताय हे त्यातून नोंदलं जातं. घरात कोणाला दमा असेल, तान्हं बाळ असेल, केमोथेरपीसारख्या उपचारांनी प्रतिकारशक्ती उतरलेली असेल, तर तेही पत्रात लिहा आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. मग ही तक्रार रंगरंगोटीची राहत नाही.

मालकाच्या खुर्चीत बसलेल्यांसाठी: असा संदेश आला की त्याच दिवशी "मिळालं, अमुक दिवशी येतो" एवढं तरी लिहून कळवा. स्वतः जाऊन बघा. किल्ली असली तरी विचारून, वेळ ठरवून जा, आणि जाताना खिडक्यांवरचं व्याख्यान घरी ठेवून जा. तपासणीत काय दिसलं ते दोन ओळींत लिहून पाठवा. दुरुस्तीला वेळ लागणार असेल, पाऊस थांबल्याशिवाय गच्चीचं काम होणार नाही असं काही असेल, तर तसं तारखेनिशी सांगा. माणसं उशीर सहन करतात, मौन करत नाहीत.

आणि एक: आतून वॉटरप्रूफ रंग मारून गळती बंद होत नाही. मी स्वतः एकदा हा शहाणपणा केला. मजुरीसह रंग झाला, भिंत चकाचक दिसली आणि वर्षाच्या आत रंगाला फुगे आले. फुगा फोडला तर आतून पाणी. गळती ज्या बाजूने आत येते त्या बाजूनेच बंद करावी लागते. त्यानंतर भिंत सुकायला आठवडे लागतात, कधी महिने. तोवर पुट्टी-रंगाची घाई करू नका.

साफसफाई

फोटो काढल्याशिवाय पुसू नका. अनेकांचा पुरावा फडक्याबरोबर गेलेला आहे.

सर्वसाधारण सल्ला असा की तीन फूट लांब, तीन फूट रुंद, एवढ्यापर्यंतची जागा घरच्या माणसाने साफ करायला हरकत नाही. त्याहून मोठी असेल, सांडपाण्याने भिजलेली असेल किंवा छताच्या आत शिरलेली असेल तर जाणकार माणूस बोलवा, आणि कारण मालकाच्या बाजूचं असेल तर तो खर्चही त्याचाच. दमा किंवा अ‍ॅलर्जी असलेल्याने हे काम करू नये.

एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. खोलीचं दार बंद, खिडकी उघडी. पंखा बंद, नाहीतर बीजाणू घरभर. कोरड्या ब्रशने खरवडू नका. साबणाच्या पाण्यात फडकं भिजवून पुसा, फडकं पिशवीत बांधून टाकून द्या, मग जागा पूर्ण कोरडी करा. टाइल्स, काच, धातू यांना एवढं पुरतं. ब्लीच वापरायचंच असेल तर टाइल्ससारख्या पाणी न शोषणाऱ्या पृष्ठभागावरच, चार लिटर पाण्यात कपभराहून जास्त नाही. अमोनिया किंवा अ‍ॅसिड असलेल्या क्लीनरबरोबर, अगदी व्हिनेगरबरोबरही, ते कधीच मिसळू नका. त्यातून निघणारा वायू विषारी असतो आणि बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं.

गादी, उशा, जिप्समचं छत, पुठ्ठ्याच्या खोक्यांतली पुस्तकं यांत बुरशी आत शिरते. वरून पुसून ती जात नाही, आणि मेलेली बुरशीही अ‍ॅलर्जीला पुरते. जड मनाने टाकून द्या, टाकण्याआधी फोटो काढा आणि जमलं तर बिलं जोडून ठेवा. अशा सामानाची भरपाई मिळवणं कठीण असतं. मालकाला लेखी कळवलं होतं आणि तरी त्याने हलगर्जी केली, हे दाखवता आलं तरच बोलणं पुढे सरकतं. विम्यावरही फार विसंबू नका. पाइप अचानक फुटला तर एक वेळ मिळेल, पण हळूहळू मुरलेल्या ओलीचं नुकसान बऱ्याच पॉलिसींत वगळलेलं असतं.

बुरशी वाफेची असेल तर कपाटं बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे सरकवा आणि वाफ जिथे तयार होते तिथेच बाहेर घालवा. समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटं उघडल्या तर हवा पालटते. मात्र "खिडक्या उघडा" हा सल्ला बारा महिने चालत नाही. बाहेर धो धो पाऊस, हवा घरातल्यापेक्षा दमट, अशा वेळी खिडकी उघडून तुम्ही ओल आत घेता. तेव्हा एक्झॉस्ट, एसीचा ड्राय मोड किंवा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढून घेणारं यंत्र) यांचाच उपयोग.

भाडं थांबवावं का

स्वतःच्या मनाने थांबवू नका. सर्वांत जास्त लोक इथेच फसतात. तक्रार शंभर टक्के खरी असते, पण थकबाकीदार झालात की मालकाला घर खाली करून मागायचं आयतं कारण मिळतं आणि बुरशीचा विषय बाजूला पडतो. खर्च वळता करायची मुभा तुमच्या कायद्यात किंवा करारात असेल तर तिची प्रत्येक अट पाळा: नोटीस, मुदत, मर्यादा, बिलं. शक्यतो दोन-तीन जणांकडून खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि तो मालकाला आधी पाठवा. बहुतेक मालक याच टप्प्यावर स्वतः माणूस पाठवतात, कारण भाडेकरूने आणलेल्या प्लंबरचं बिल कोणालाच आवडत नाही.

तडजोडही वाईट नसते. आमच्या त्या घरात शेवटी असं ठरलं: एक्झॉस्ट फॅन बसवायचा आणि बाहेरची भेग बुजवायची ती घरमालक काकांनी, भिंत साफ करून कपाटाची जागा बदलायची ती आम्ही. रंगाचा खर्च निम्मा-निम्मा. न्यायालयाने याहून वेगळं काही सांगितलं असतं असं मला वाटत नाही, फक्त वेळ लागला असता.

काहीच हललं नाही तर वकिलाकडून नोटीस, स्थानिक प्रशासनाकडे तक्रार, भाडे प्राधिकरण किंवा न्यायालय, जिथे जी यंत्रणा असेल ती. घर खरंच राहण्याजोगं उरलं नसेल तर मुदतीआधी करार संपवण्याची मागणी लेखी करा. किल्ल्या ठेवून नुसते निघून जाऊ नका.

घर घेताना आणि सोडताना

घर बघायला गेलात की बंद कपाटं उघडून वास घ्या. नाक डोळ्यांपेक्षा प्रामाणिक असतं. चार भिंती जुन्या आणि एकाच भिंतीला ताजा रंग, तर का ते विचारा. बेसिनखालचं प्लायवूड दाबून बघा, फुगलेलं असेल तर बोटाला कळतं. सही करण्याआधी करारात तीन ओळी घालून घ्या: गळती आणि ओलीची दुरुस्ती मालक करेल, लेखी कळवल्यापासून किती दिवसांत करेल, आणि न केल्यास काय. "घर आहे त्या स्थितीत घेतलं" असं छापील वाक्य असेल तर त्याखाली दिसणारे डाग हाताने लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या.

सोडताना डिपॉझिटचा प्रश्न येतो. फिका पडलेला रंग हा वापराचा भाग, त्याचे पैसे कापायचे नसतात. बुरशीचे डाग मात्र वादात जातात, आणि तिथे तुमची जुनी पत्रं कामी येतात. तुम्ही कधी कळवलं, उत्तर कधी आलं, दुरुस्ती झाली का, हे तारखांनिशी समोर असलं की मालक "तुमच्या निष्काळजीपणामुळे" हे शब्द जपून वापरतो. सामान हलवल्यावर, झाडून झाल्यावर, दिवसाच्या उजेडात प्रत्येक भिंतीचा व्हिडिओ काढा, कपाटामागची भिंत आधी. मग मालकाबरोबर एक फेरी मारा आणि तिथल्या तिथे लिहून घ्या की कोणत्या भिंतीचे किती पैसे कापले जाणार. किल्ल्या त्यानंतर द्या.